शेकोट्यांच्या राखेचा डबा

मी डबा बोलतोय. खरं सांगायचं तर बोलायची हौस फारशी उरलेली नाही. अंगाला पोचे आलेत, कडेला गंज धरलाय, आणि इतकी वर्षं मीटिंगा ऐकून कान किटलेत. पण या खिडकीत नुसतं बसून तरी काय करायचं? बाहेर बर्फ पडतोय, हॉलमध्ये चिटपाखरू नाही. तुम्ही आलाच आहात तर ऐका.

जन्माने मी कॉफीचा. मिशिगनच्या पार उत्तरेला, मोठ्या सरोवराच्या काठच्या एका दुकानात फळीवर लालभडक ऐटीत उभा होतो. आर्वो लाहटीच्या बायकोने, हेल्मीने, मला उचललं. त्या घरात कॉफी पाण्यासारखी प्यायचे. बघता बघता मी रिकामा झालो. हेल्मी माझ्यात खिळे ठेवणार होती. खिळ्यांचा डबा झालो असतो तर जन्म सुखात गेला असता हो! पण आर्वो म्हणाला, "थांब गं, हा मला स्काउटांकडे लागेल."

झालं. तिथून जी वरात सुरू झाली ती झाली.

आर्वो खाणीत मेकॅनिक होता. मुलं स्काउटमध्ये होती म्हणून तो तिथे जायला लागला. मुलं मोठी होऊन शहरात गेली, हा मात्र तिथेच राहिला. स्काउटांचाही जिल्हा असतो. सरकारी नव्हे, आसपासच्या गावांतल्या पथकांनी मिळून केलेला. आर्वो त्या जिल्ह्याचा कमिशनर. लगेच लाल दिव्याची गाडी डोळ्यांपुढे आणू नका. कमिशनर म्हणजे आपल्याच गाडीत आपलंच पेट्रोल घालून गावोगाव फिरायचं, पथकं चालवणाऱ्यांची रडगाणी ऐकायची, त्यांची कॉफी प्यायची आणि निघताना "बघतो काहीतरी" म्हणायचं. पगार नाही, सुट्टी नाही. आणि गाडीत शेजारच्या सीटवर, पट्टा लावून, मी.

माझ्या पोटात राख होती. या लोकांची एक रीत आहे. जिल्ह्याचा कॅम्प भरला की शेवटच्या शेकोटीत आधीच्या शेकोट्यांची मूठभर राख टाकायची, आणि सकाळी विझल्यावर नवी मूठभर काढून डब्यात भरायची. म्हणजे प्रत्येक शेकोटीत आधीच्या सगळ्या शेकोट्या थोड्या थोड्या असतात. कुणी कॅनडाच्या कॅम्पहून राख आणली, कुणी जपानहून. कुणाच्या आजोबांच्या काळातली होती. तोंडापर्यंत भरलो होतो मी. माझं झाकण उघडलं की मोठी मोठी माणसं टोप्या काढायची. मान होता, नाही कशाला म्हणू? पण ओझंही होतं, आणि त्या ओझ्याचा कुणाला काही उपयोग होताना मी कधी पाहिला नाही.

माणसांची गंमत मला आर्वोच्या गाडीतच कळली. पोरांना गाठी शिकवायला, तंबू ठोकायला, जंगलात न्यायला सगळ्यांना आवडतं. पण ते करणाऱ्या माणसाला कोण बघणार? तेच काम जिल्ह्याचं. आणि जिल्ह्याला एकच औषध माहीत होतं, ते म्हणजे सन्मान! कुणी दमला, दे बिल्ला. कुणी फारच दमला, दे भिंतीवर टांगायची पाटी.

आता डोरीन माकीचं ऐका. अ‍ॅस्पेन लेक नावाच्या एवढ्याशा गावातलं पथक ती एकटी चालवायची. पोरंपोरी मिळून हाताच्या बोटांवर मोजावीत एवढीच. डोरीन शाळेची बस चालवते. सकाळी बस, दुपारी बस. आणि मंगळवारी संध्याकाळी त्याच पोरांना आपल्या गाडीत घालून हॉलवर आणायचं आणि परत ज्याच्या त्याच्या दारात सोडायचं. घरी वडील अंथरुणाला खिळलेले. आर्वो तिच्याकडे गेला की ती बटाटा-मटणाची गरम पेस्टी त्याच्या पुढ्यात ठेवायची आणि स्वतः उभ्यानेच खायची. तिला बसलेलं मी कधी पाहिलंच नव्हतं.

एकदा परतताना आर्वो मला म्हणाला, "ही पोरगी थकलीय रे." मग म्हणाला, "हिला यंदा पाटी देऊ या."

मी डबा. मी काय बोलणार?

जानेवारीची मीटिंग चर्चच्या तळघरात होती. टेबलाच्या मधोमध मी, एका बाजूला कॉफीचं भांडं, दुसऱ्या बाजूला शेजारच्या गावचं पथक चालवणाऱ्या लुआनबाईंनी आणलेले दालचिनीचे पाव. जिल्ह्याचे अध्यक्ष ग्लेन ट्रेवारो, विमा विकणारा भला माणूस, घसा खाकरून उभे राहिले. "मंडळी, या वर्षीचा जिल्ह्याचा सर्वोच्च सन्मान... डोरीन माकी!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. डोरीन दारातच होती, अंगात कोट तसाच. ती पुढे आली, पितळेवर नाव कोरलेली लाकडी पाटी तिने हातात घेतली, "थँक्यू" म्हणाली. मग कोटाच्या खिशातून एक किल्ली काढून टेबलावर ठेवली. किल्ली माझ्या अंगाला लागून वाजली.

"हे काय?" ग्लेनने विचारलं.

"आमच्या हॉलची किल्ली. हीच द्यायला आले होते."

लुआनबाईंचा पाव तोंडाशीच थांबला.

"अगं, पण आत्ताच तर तुला..."

"हो ना. आभारी आहे. घरी अशा पाट्यांनी भिंत भरलीय, ग्लेन. वडील विचारतात, डोरीन, तू निवडणुकीला उभी आहेस का?" दोघंतिघं हसली. "पोरांना आणायला मी, सोडायला मी, शिकवायला मी, झाडू मारायला मी. मंगळवारी शेजारच्या बाई वडिलांजवळ बसतात, त्यांचीही आता कुरकूर सुरू झालीय. बाबांचं काही खरं नाही. मला पाटी नको. मला एक मंगळवार हवाय."

"एक मंगळवार म्हणजे?"

"म्हणजे मंगळवार! दुसरं कुणीतरी जाईल आणि मी बाबांजवळ बसेन, असा."

ग्लेन चाचरले. "हे बघ, पुढच्या मीटिंगला आपण हा विषय घेऊच..."

"घ्या. मी नसेन." एवढं बोलून ती जिना चढून गेली.

डोरीन गेली म्हणजे पथक गेलं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्या गावात दुसरं मोठं माणूस पुढे येणारं नव्हतं, आणि बर्फाच्या रस्त्याने शेजारच्या गावी पोरांना कोण धाडणार? आर्वो आपल्या बुटांकडे बघत होता. पाटीची कल्पना त्याचीच ना! त्याने किल्ली खिशात टाकली, मला काखेत मारलं आणि तो बाहेर पडला. बाकीचेही मागोमाग आले.

बाहेर डोरीनची गाडी उताराच्या तळाशी अडकली होती. खाली काचेसारखा बर्फ. चाकं जागच्या जागी गरगर फिरत होती. घरी वडिलांजवळ बसलेल्या बाईंची जायची वेळ झालेली, आणि ही इथे.

"वाळू कुणाकडे आहे?" लुआनबाई ओरडल्या.

सगळे आपापल्या गाड्यांच्या डिक्क्या उघडायला धावले. आमच्याकडे हिवाळ्यात चाकांखाली टाकायला वाळूचं पोतं गाडीत टाकल्याशिवाय माणूस घराबाहेर पडत नाही. पण आर्वोचं पोतं आदल्याच दिवशी कुणाच्या तरी अंगणात रिकामं झालं होतं. लुआनबाईंनी आपलं घरी उतरवून ठेवलं होतं. ग्लेनच्या नव्या गाडीत सीट गरम व्हायची, पण वाळू नव्हती. बर्फ वितळवायला ठेवलेलं चर्चचं मिठाचं पिंप गोठून दगड झालेलं.

डोरीनने काच खाली केली. "वा रे वा! पोरांना उठता बसता सांगता, सदा तयार राहा. आणि एवढ्या स्काउटांत मूठभर वाळू नाही?"

आर्वो उभा होता. मग त्याने माझ्याकडे बघितलं.

बाकीच्यांच्या आधी मला कळलं. नको रे आर्वो, मी म्हणालो. पण डब्याचं कोण ऐकतंय? झाकण निघालं. तो गुडघे धरत वाकला आणि मला चाकांपुढे उपडं केलं.

"आर्वो!" ग्लेन किंचाळले. "अरे, शुद्धीवर आहेस का? त्यात जपानची राख आहे! माझ्या आजोबांच्या कॅम्पची आहे!"

"आहे ना. मग लावू देत की आजोबांनाही हात."

त्याने माझ्या बुडावर थापा मारून उरलीसुरली राखही पाडली. मला रडू आलं. जन्मभर जपलेलं सगळं डोळ्यांदेखत बर्फात गेलं. "हं, लावा जोर!" आर्वो ओरडला, आणि सगळ्यांनी गाडीच्या मागे खांदे लावले. ग्लेनसुद्धा, चांगल्या कोटासकट. चाकं एकदा घसरली, मग त्यांनी राख धरली, आणि गाडी धक्क्यासरशी वर रस्त्यावर गेली.

डोरीन थांबली. उतरून परत खाली आली. बर्फावरचा करडा पट्टा तिने बघितला, मग माझं रिकामं तोंड बघितलं.

"ती शेकोटीची राख होती?"

"होती."

"सगळी टाकलीत?"

"सगळी."

"तुम्ही पण ना, आर्वो..."

"पोरी, पाटीचं खूळ माझंच. चुकलं माझं. पुढचा मंगळवार माझा."

"तुमचे गुडघे?"

"गुडघे घेऊनच येतो. गाठी काय, बसूनही शिकवता येतात."

"त्याच्या पुढचा माझा," लुआनबाई म्हणाल्या. मग सगळे ग्लेनकडे बघायला लागले.

"मंगळवारी माझं बोलिंग असतं," ग्लेन म्हणाले. त्यांनी कोटावरची राख झटकली. "बरं बाबा, बरं. तिसरा माझा."

डोरीनने कुणालाच हो म्हटलं नाही. नुसती मान हलवून गेली.

पुढच्या मंगळवारी ती आली नाही. आर्वोने हॉल उघडला, मला खिडकीत ठेवलं आणि पोरांनी त्याच्या नाकी नऊ आणले. सगळ्यांना घरोघर सोडून तो हॉल बंद करायला परत आला तेव्हा त्याला नीट श्वासही घेता येईना. "ही बाई हे एवढी वर्षं कशी करत होती रे?" म्हणाला. पुढच्या खेपेला लुआनबाई आल्या. नंतर ग्लेन आले, आणि पोरांनी गाठींचा सराव म्हणून त्यांना खुर्चीलाच बांधून घातलं. डोरीनचा पत्ता नव्हता. मला वाटलं, गेली ती.

त्यानंतरच्या मंगळवारी पुन्हा आर्वोची पाळी होती. दार उघडलं तर दारात डोरीन. तिने आर्वोपुढे हात पसरला. "किल्ली द्या."

"वडील?"

"तीन मंगळवार त्यांच्याजवळ बसले. पत्ते खेळलो, त्यांनी लबाडी केली. आज म्हणाले, जा बाई आता, डोकं खाऊ नकोस." किल्ली घेऊन तिने बोट उगारलं. "पण दर महिन्याला एक मंगळवार तुमचा. आणि परत पाटी आणलीत तर याद राखा."

वसंतात तिचे वडील गेले. पण ते मंगळवार तिला मिळाले होते.

आता आर्वोला धड दिसत नाही. गाडी विकली. काम सोडताना त्याने मला इथेच ठेवलं, अ‍ॅस्पेन लेकच्या हॉलच्या खिडकीत. दमलोय मी. डोरीनही दमलीय, तिच्या महिन्यातल्या त्या एका मंगळवारासाठी अजून माणसं शोधावी लागतात, आणि पोरांची संख्या काही वाढलेली नाही. पण ती आता अधूनमधून बसते, मी पाहिलंय.

हॉलच्या मागे पोरांनी केलेल्या शेकोटीची थोडी राख माझ्यात आहे. लोक पुन्हा मला भरतील, टोप्या काढतील. काढू देत. माझं एवढंच मागणं आहे, बाहेर कुणाची गाडी अडली तर मीटिंग बोलावू नका. झाकण सैलच आहे.