ओढ्याकडचा हरभरा

द्वारकावहिनींच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. बब्रुवान जाऊन तीन महिने झाले होते तेव्हा ते आलं. खुशालीच्या दोन ओळींनंतर त्यांनी लिहिलं होतं : "भाऊजी, तुम्ही कॉलेजात जिवाणू शिकवीत होता म्हणून विचारते. आपला हरभरा माझ्या हातानं मेला का? हे जाईपर्यंत तसंच म्हणत होते."

बब्रुवान माझा शाळेपासूनचा मित्र. ईट गावाला त्याचं काळं रान होतं आणि त्या रानात हरभरा मरायचा. हिरवंगार झाड दोन-तीन दिवसांत मान टाकायचं. मर रोगाची ही बुरशी मातीत वर्षानुवर्षं टिकते. मी त्याला जिवाणूंच्या पुड्या दिल्या. त्यातले काही जिवाणू मुळांवर गाठी धरून झाडाला नत्र पुरवतात, काही मुळाशी राहून बुरशीला अडवतात. गुळाचं पाणी गार करायचं, त्यात भुकटी कालवून बियाण्याला चोळायची, बी सावलीत सुकवायचं. उन्हात मात्र ठेवायचं नाही, जिवाणू मरतात. हे मी बजावलं होतं. तीन-चार वर्षं तिथं हरभरा घेऊ नकोस, ज्वारी घे, असंही सांगितलं होतं. त्यावर तो हसला.

"अरे पुस्तकातल्या माणसा, मग तुझे जिवाणू काय नुसते बसून खाणार का?"

मला वाद घालता येत नाही. मी गप्प बसलो.

त्यांच्या घरात पेरणीच्या दिवशी तिफणीच्या चाड्यावर, म्हणजे बी सोडायच्या लाकडी वाटीवर, पहिली मूठ धरायचा मान घरच्या बाईचा. मूठ उघडली की बी सळसळत तिफणीच्या चाड्यात पडलं पाहिजे. तळव्याला चिकटून राहिलं तर साल वाईट जातं, असं समजतात. गुळाच्या पाण्यानं बी चिकट झालेलं. वहिनींनी ते सावलीतून उचललं आणि पत्र्यावर कडक उन्हात पसरलं. बब्रुवान आला तोवर दुपार टळली होती. पेरणी झाली आणि पुढे हरभरा मेला. त्या हंगामात वहिनी पुन्हा रानात गेल्या नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात बब्रुवान छातीत कळ येऊन गेला.

पुस्तकाप्रमाणे वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असं होतं. ते माझ्यानं लिहवेना. 'नाही' लिहावं, तर ते खरं आहे याची मला खात्री नव्हती. फोनवर तर मला साधी चौकशीही धड करता येत नाही. अशी दोन वर्षं गेली.

मग दसऱ्याच्या सुमाराला त्यांचा मुलगा युवराज कचेरीच्या कामाला धाराशिवला आला आणि घरी डोकावला.

"काका, पुड्या हायत का? औंदा ज्वारी घ्यायचीय."

"ज्वारीच्या वेगळ्या असतात. बघतो. आई कशी आहे?"

"तुळजापूरला हाय, आमच्या निकिताच्या सासरी. वर्षश्राद्ध झालं आन् गेली. बियाण्याला हात लावत न्हाय. येळवशीच्या सणाला निकितानं पालेभाज्या-हरभऱ्याची भज्जी केली, तर ताटातला हरभरा वेचून बाजूला काढला. मूठ धरायला चल म्हणलं, तर म्हणती, माझ्या हातानं न्हाय येत."

काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "ओढ्याकडं तिफण वळत नाही, म्हणून तिथल्या ओळी, ती तासं, बब्रुवाननं आदल्या दिवशीच हातानं टोकली होती ना? ती तरी राहिली का?"

"कशाची राहतेत! पहिली तीच गेली. मधलं रान नंतर."

मी कप खाली ठेवला. "ते बी कुठं सुकवलं होतं?"

"गोठ्यात, गोणपाटावर. दादांनी सुकस्तोवर म्हशीला आत येऊ दिलं न्हाय. म्हैस वरडून वरडून दमली. तुमच्या जिवाणूंपायी दूध कमी दिलं तिनं!"

तो हसला. मला हसू आलं नाही.

"ती तासं आधी गेली, हे बब्रुवानला ठाऊक होतं?"

"मी संगं व्हतो. त्यांनी झाड उपटलं. मुळावर गाठी व्हत्या, फोडल्या तर आत लाल. मग खोड उभं चिरलं. आत काळी रेघ. लई येळ बांधावर बसले. म्हणले, आईला सांगू नगं."

"का?"

"गावात समद्यांना जिवाणूचं सांगत फिरले व्हते न्हवं? लोक हसले असते. आईला कोण हसतंय?"

काळी रेघ ही मर रोगाची खूण. गाठी आतून लाल म्हणजे जिवंत, पण त्यांवरून फारसं सिद्ध होत नाही. मातीतल्या मूळच्या जिवाणूंनीही त्या धरतात. पण सावलीतलं बी आधी मेलं, एवढं पुरेसं होतं. बुरशी इतकी माजली होती की ऊन असो, सावली असो, ते रान जाणारच होतं.

"तू आईला का नाही सांगितलंस?"

"दादांचा शब्द हाय, काका. माझ्यानं होईना. तुमीच बगा."

त्यानं निकिताचा पत्ता लिहून दिला आणि तो बस गाठायला गेला.

मी कागद घेतला. आधी एकच ओळ लिहिली : 'वहिनी, हरभरा तुमच्या हातानं मेला नाही.' वाचून पाहिली. नवरा गेलेल्या बाईची कुणीही अशी समजूत घालेल. कशावरून, ते सांगायलाच हवं होतं, आणि सांगायचं तर बब्रुवानवर बोट ठेवणं आलं. न बोलावता माझ्या दारात येणारा तेवढा एकच माणूस होता. माझ्या गप्प बसण्यावर तो कधी रागावला नाही. त्याला आता उलट बोलताही येणार नव्हतं.

तरी लिहिलं. 'ओढ्याकडची तासं त्यानं स्वतः सावलीत सुकवलेल्या बियाण्याची होती. ती आधी गेली. ते त्यानं पाहिलं होतं.'

शेवटचं वाक्य मी दोनदा खोडलं. मग सगळं पत्र नव्यानं लिहून काढलं आणि ते वाक्य राहू दिलं.

पोस्टात जाऊन पाकीट पेटीत टाकलं. परवा-तेरवा ते तुळजापूरला पोचेल. वहिनी चष्मा लावून वाचतील, आणि असं का केलंत, हे ज्याला विचारायचं तो बब्रुवान असणार नाही.