छद्मजनुक असण्याची शक्यता

मावशीने ऐन उमेदीत एका जीवाणूतलं जनुक शोधलं होतं. त्यापासून अ‍ॅसिटिलट्रान्सफरेज नावाचं प्रथिन, म्हणजे एक एन्झाइम, बनतं आणि ते औषधाच्या रेणूला छोटीशी शेपटी चिकटवून औषधच निकामी करतं, असं तिचं म्हणणं. या एका जनुकावर ती प्रोफेसर झाली, विभागप्रमुख झाली. निवृत्तीच्या दिवशी केकवरसुद्धा जनुकाचंच नाव होतं.

भाची जनुकांच्या सार्वजनिक नोंदी तपासणाऱ्या कचेरीत कामाला होती. सोमवारी नेमकी हीच नोंद तिच्यापुढे आली. दुसऱ्या कुणीतरी त्याच जातीच्या जीवाणूचा डीएनए नव्याने वाचला होता, आणि त्यात जनुकाच्या मध्यावरच थांबण्याची खूण होती. म्हणजे प्रथिन अर्ध्यातच तुटणार. मावशीच्या जीवाणूंचा मूळ साठा फ्रीज बंद पडून केव्हाच वाया गेला होता, त्यामुळे खात्री करायची सोय नव्हती. भाचीने शेरा लिहिला, 'छद्मजनुक असण्याची शक्यता'. दिसायला जनुक, कामाला शून्य.

बाहेरून कळण्याआधी आपणच सांगावं म्हणून ती संध्याकाळी मावशीकडे गेली. मावशी मटार सोलत होती. भाचीने दिलेला नोंदीचा कागद वाचून तिने तो पालथा ठेवला.

"'शक्यता' कशाला? माझी कीव आली?"

"तसं नाही गं. तुझ्या जीवाणूतून प्रथिन निघतच नाही, असं कुणी करून दाखवलेलं नाही."

"दाखवलं होतं." मावशीने पुढची शेंग उचलली. "एक विद्यार्थी होता माझा. सगळे त्याला पेन्सिल म्हणायचे. चार वर्षं राबला. एकोणीस वेळा प्रयोग केला, एकदाही प्रथिन मिळालं नाही. म्हणाला, 'मॅडम, हे जनुक मेलेलं आहे.' मी म्हटलं, जनुकाला काही झालेलं नाही, तुझा हातच धड नाही."

"मग?"

"मग काय! प्रबंधावर सही केली नाही मी. आता कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानात काचा बसवतो. मागे माझाही चष्मा त्यानेच केला. ओळखलं मला, पण दाखवलं नाही. 'कानाला टोचत नाही ना?' एवढंच विचारलं."

भाचीला आधी कामाचंच सुचलं. "त्याच्या वह्या कुठायत? मिळाल्या तर त्याच्या नावाने पुरावा जोडता येईल."

"रद्दीत. खोली रिकामी करताना मीच दिल्या."

"मुद्दाम?"

"जागा हवी होती," मावशी म्हणाली. मग टरफलं गोळा करत, "हो. मुद्दाम."

दुसऱ्या दिवशी भाची त्या दुकानात गेली. पन्नाशीचा, टक्कल पडलेला माणूस काच पुसत होता. तिने आपण कोण ते सांगितलं, मग सगळं सांगितलं. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"नोंदीत माझं नाव येईल?"

"नाही. पुरावाच उरला नाही."

"मग मला सांगायला कशाला आलात?" त्याने मागच्या गिऱ्हाइकाला पुढे बोलावलं.

शुक्रवारी नोंद प्रसिद्ध झाली. शोध लावणारीचं नाव नियमाप्रमाणे पहिल्या ओळीत राहिलं. रविवारी मावशीचा फोन आला. भाचीने तो वाजू दिला.