आसनाखालची चकती

तपासणी करणाऱ्या साऊलेनं दुर्बिणीची लांब नळी अंतराळयानातल्या मधल्या आसनाखाली सरकवली, तसा रोदिओन पडद्याजवळ सरकला. तिथंच, तारांच्या मागं, परवा त्यानं प्रवाशांना राखणाऱ्या संत निकोलसची पत्र्याची चकती दोऱ्यानं बांधली होती. आत बाहेरची टाचणीसुद्धा राहता कामा नये, असं नव्या फिटरांना दम देऊन सांगणारा हा बाप्या! पण उद्या त्या आसनावर त्याची भाची तैसिया बसणार होती. बहिणीनं चकती हातात कोंबली, डोळ्यांत पाणी आणलं, आणि याची अक्कल गहाण पडली.

पडद्यावर तारा दिसल्या. पांढरा दोराही दिसला, तारांच्या बांधणीतलाच वाटावा असा. पण तो मोकळाच लोंबत होता. चकती नव्हती.

"आटप की गं," मुकादम येफिम लुकिच खेकसला. "यान ओढून न्यायला रुळावर इंजिन ताटकळलंय. नवरा पसंत करतेयस का?"

"ओरडू नका, येफिम लुकिच, हात हलतो माझा. घाई असेल तर तुम्हीच बसा जाऊन आत."

एवढ्यात कोपऱ्यात काहीतरी चमकलं. सगळे पडद्याकडे झुकले. साऊलेनं चिमटा आत घातला. सापडली, रोदिओनला वाटलं. नोकरी जाईल, जाऊ दे, पोरगी तर वाचली.

चिमट्यात बाहेर आला तो पितळेचा इवलासा क्रूस.

"कुठल्या गाढवाचं हे काम?" येफिम लुकिचचा आवाज चढला. "ते बघू मागाहून. निघालं ना? झाकण लावा!"

सगळ्यांनी हुश्श केलं. रोदिओन मात्र तो मोकळा दोरा विसरला नव्हता. आता कुणी विचारणार नव्हतं. तोंड मिटलं की सुटला. पण वर वजन उरत नाही. सुटी चकती तरंगत कुठल्या तारांत अडकेल, देव जाणे. आणि देवालाच तर त्यानं आत कोंबलं होतं.

"झाकण लावू नका," तो म्हणाला. "अजून एक आहे. माझी चकती. दोरा सुटलाय, कुठं गेली ठाऊक नाही. आसन काढावं लागेल."

येफिम लुकिच वळून त्याच्यासमोर आला. आता हा फाडून खाणार, असं साऊलेलासुद्धा वाटलं.

मुकादमानं तिच्यापुढं तळहात पसरला.

"दे तो क्रूस इकडं. माझा आहे," तो हळूच म्हणाला. "आणि पाना आण, रोद्या. आसन काढू."