कै. लिंबाजींचे तीन पेले

लातुरात त्या वर्षी क्लासच्या पाट्या एवढ्या झाल्या की चिमण्यांना बसायला तार उरली नाही. त्या पाट्यांवरच बसू लागल्या, आणि सहा महिन्यांत त्यांनाही बेंझिनचं सूत्र पाठ झालं, असं लोक शपथेवर सांगायचे. बारावीच्या पोरांना क्लास होते, आणि पदवी घेऊन घरी बसलेल्यांसाठी होता भुजंग सरांचा मुलाखतीचा क्लास. तोही पत्र्याच्या शेडमध्ये. भूकंपानंतर तात्पुरतं म्हणून उभारलेलं ते शेड दहा वर्षं झाली तरी तात्पुरतंच होतं.

औशाकडच्या पुनर्वसनातल्या गावाहून महामाया रोज एस.टी.नं तिथं यायची. बी.कॉम. झालेली. नांदेडच्या एका सहकारी बँकेत लिपिकाच्या चार जागा होत्या, लेखी परीक्षेत ती पास झाली होती, उरली होती मुलाखत. घरातलं नोकरी करणारं पहिलं माणूस आपण होणार, एवढंच तिला दिसत होतं.

सरांकडं एकवीस प्रश्नांची झेरॉक्स होती. तुमच्याविषयी सांगा. आमचीच बँक का? तुमच्यातला दोष कोणता? पाच वर्षांनी कुठं असाल? उत्तरं तयार, आणि पाठ करायची रीत लातूरचीच: एकेक उत्तर एकशे एक वेळा, मोठ्यानं. झोपेत कुणी गुदगुल्या केल्या तरी हसण्याआधी उत्तर बाहेर पडलं पाहिजे.

"पहिल्याच उत्तरात म्हणायचं, वडील भूकंपात गेले," सर म्हणाले.

"सर, माझे वडील हायत की."

"हायत म्हणजे?"

"म्हणजे हायत. दीड दिवस ढिगाऱ्याखाली होते, लोकांनी काढलं. लंगडतात, पर हायत."

सरांनी चष्मा पुसला. "पोरी, वाचलेला बाप साहेबाच्या ध्यानात राहत न्हाई. गेलेला राहतो. रडायचं न्हाई. आवाज फक्त ओला ठेवायचा."

"सर, मी दोन्ही आजे पण घालू का?" मागच्या बाकावरून आवाज आला आणि सगळे खिदळले.

महामाया उभी राहिली. "माझे वडील किल्लारीच्या भूकंपात गेले. त्या दिवसापासून मी..." शेडमधल्या घड्याळात चारला चार मिनिटं कमी होती. भूकंपाची ती वेळ त्या मुलखात शेंबडं पोरही ओळखतं. ती पहाटेची होती, ही दुपारची, एवढाच काय तो फरक.

संध्याकाळी घरी आली तर आई, चांगुणाबाई, दारातच उभी. "तुझ्या बापाचे पेले पडले आज."

भूकंपानंतर घरोघर हीच तऱ्हा होती. उशाला तीन स्टीलचे पेले पालथे, एकावर एक, वर घुंगरू. जमीन हलली की ते पडायचं, आणि माणसं अंगणात पळायची. बाकीच्यांनी वर्ष-दोन वर्षांत सोडलं. लिंबाजीनं सोडलं नाही. शेतात भाकर खायला बसला तरी आधी पेले रचायचा.

"भूकंप झाला व्हय?"

"कशाचा? शेजारी कुणाला काई न्हाई. शेळीनं मान सुदिक उचलली न्हाई. चारची गाडी यायच्या आधी पडले आपोआप."

आतून लिंबाजी खोकला. त्यानं तळहात पुढं केला. त्यावर चिमूटभर पांढरी माती होती. "आपल्या जुन्या घराची हाय, माय," बोटानं चोळत तो म्हणाला. "दीड दिवस खाल्लेली हाय मी. चव ओळखतो."

मग रोजच ते होऊ लागलं. क्लासमध्ये चारला चार कमी असताना ती उत्तर म्हणायची, आणि इकडं पेले खाली. विसाव्या दिवशी खोकल्यात गवताची काडी आली, पंचविसाव्या दिवशी खडा. लातूरच्या डॉक्टरनं फोटो काढला, उजेडात धरला, आणि "छातीत भिंत दिसते" असं बोलून गेला. मग जीभ चावून थुंकीची तपासणी लिहून दिली.

महामायेनं ओळखलं होतं, पण मानलं नव्हतं. मानायला लावलं शारिकनं. औशाच्या नासिर कल्हईवाल्याचा हा पोरगा भुजंग सरांचाच जुना विद्यार्थी, आता धर्माबादला नोकरीला. त्यानं तिला बसस्टँडवर गाठलं.

"माया, पहिलं उत्तर बदल."

"का रे?"

"मी पण तेच बोललो होतो. भूकंपात अब्बांना ओरखडासुद्धा नव्हता. माझा नोकरीचा कागद आला, पेढे वाटले, आणि तिसऱ्या दिवशी अब्बा गुदमरले. उघड्या मैदानात, माया. वर आभाळ, खाली गवत. तोंड उघडलं तर आत माती."

घरी जाऊन तिनं आरशासमोर नवं उत्तर म्हणून पाहिलं. "माझे वडील" एवढं म्हटलं की पुढचं जुनंच वाक्य घरंगळत बाहेर यायचं. एकशे एक वेळा घोटलेलं ते. तीनदा प्रयत्न केला, तीनदा आत खोकला उठला. मग तिनं तोंडावर हात दाबून धरला.

मुलाखतीच्या दिवशी लिंबाजी पिशवी घेऊन तयार. "एकटी जाऊ नको, मी बी येतो." पिशवीत भाकरी आणि तीन पेले.

नांदेडला बँकेच्या व्हरांड्यात त्यानं पायरीवर पेले रचले. शिपाई हसला, "बाबा, पाणपोई घातली का?" बाकावर अकरा उमेदवार होते, बहुतेक भुजंग सरांचेच. सगळ्यांचे ओठ हलत होते.

आत तिघं होते. मधल्या तारामती मॅडम म्हणाल्या, "तुमच्याविषयी सांगा."

महामायेचं तोंड तिला न विचारता सुरू झालं. "माझे वडील किल्लारीच्या भूकंपात..." बाहेर पेले कोसळले, घुंगरू पायऱ्या उतरत गेलं, आणि खोकला लागला तो थांबेचना. तिनं जीभ दातांत धरली आणि दाबली. रक्ताची खारट चव आली.

"...दीड दिवस ढिगाऱ्याखाली होते," ती म्हणाली. "जिवंत निघाले. बाहेर खोकतायत ते माझे वडील."

खोकला थांबला.

मॅडमनी अर्ज पुढं सरकवला. "इथं तर 'कै. लिंबाजी' लिहिलंय."

अक्षर सरांचं होतं. महामायेच्या बौद्ध घरात गेलेल्या माणसाच्या नावाआधी 'कालकथित' लिहितात, 'कै.' कुणी लिहिलंच नसतं. तिनं न वाचता सही केली होती.

"सही तुमचीच?"

"हाव."

"खोटी माहिती दिली तर उमेदवार बाद, हे वर छापलंय." मॅडमचा आवाज मऊ होता. "आम्ही काही पाहिलं नाही, असंही होऊ शकतं. लेखीत तुम्ही दुसऱ्या आहात. राहू द्यायचं का आहे तसं?"

बाहेर पुन्हा खोकला सुरू झाला. या वेळी हळू, खोलातून, माणूस दगड सरकवताना कण्हतो तसा.

महामायेनं टेबलावरचं पेन उचललं आणि 'कै.' वर अशी रेघ ओढली की कागद फाटला. मग नमस्कार करून ती उठली.

बाहेर लिंबाजी पायरीवर लांब श्वास घेत बसला होता. शेजारी मुठीएवढं पांढरं ढेकूळ पडलेलं, ओलं, एका बाजूला चुन्याचा गिलावा असलेलं.

"झालं का, माय?"

"झालं. न्हाई मिळायची."

"बरं," लिंबाजी म्हणाला. "भूक लागली मला."

त्यानं पेले पुन्हा रचले, वर घुंगरू ठेवलं, आणि भाकरी सोडली. शिपायानं पुढचं नाव पुकारलं, "रेवणसिद्ध!" पुटपुटतच एक पोरगा उठला, आत गेला, दार लागलं. थोड्या वेळानं आतून ओला आवाज आला, "माझे वडील..."

पेले थरथरले. लिंबाजीनं त्यांच्यावर पंजा दाबला, तरी ते त्याच्या हाताखाली वाजतच राहिले.

"ह्याचा बाप कुठं असतो रे?" त्यानं बाकाकडं बघून विचारलं. "आरं, कुणाला ठाव हाय का?"

बाकावरच्या दहा जणांनी त्याच्याकडं पाहिलं. ओठ मात्र कुणाचेच थांबले नाहीत.