कुंपणाची हजामत

शहरातलं दुकान बंद करून कारागीर या झाडांच्या उपनगरात राहायला आले, त्याला महिना होत आला होता. जन्मभर लोकांचे केस कापलेला माणूस. गिऱ्हाइकं त्यांना कारागीर म्हणत, म्हणून बायकोही तेच म्हणायची. तिचा या घरावर भारी जीव जडला होता. नवव्या मजल्यावर संसार केलेली बाई, सकाळी अनवाणी गवतात उतरली की तिला उगीचच हसू फुटायचं. कारागिरांना मात्र इथली शांतता खायला उठे. दुकानाच्या सामानाचं खोकं त्यांनी उघडलंच नव्हतं. "रविवारपर्यंत बघतो," त्यांनी सांगून टाकलं होतं. "नाही करमलं तर परत जाऊ."

शनिवारी तिनेच त्यांच्या हातात झुडपं छाटायची मोठी कात्री दिली. "रस्त्याकडचं कुंपण तरी नीट करा. नुसते येरझारा घालताय."

थोड्या वेळाने ती चहा घेऊन बाहेर आली आणि जागीच थबकली. कुंपण दोन्ही बाजूंनी बारीक आणि माथ्यावर भरदार झालं होतं. फाटकाजवळ चक्क भांग पाडला होता. आणि कारागीर कात्री चालवत शेजारच्या घरासमोर पोचले होते.

"अहो, ते शेजारच्या बाईंचं आहे."

"झुडूप सलग आहे. अर्धं डोकं कापून कुणी गिऱ्हाइकाला उठवतं का?"

शेजारच्या बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्यापुढे गल्लीतली कुत्रीसुद्धा बेतानं भुंकत. त्या दारात आलेल्या दिसल्या. आता या आपली बिनपाण्याने करणार, हे घर सुटलंच, असं तिच्या मनात आलं. आणि त्याच वेळी तो भांग बघून तिला असं हसू यायला लागलं की कपातला चहा बशीत सांडला.

बाईंनी आतल्या बाजूने कुंपण न्याहाळलं. "इकडून बरं झालंय," त्या म्हणाल्या. "रस्त्याकडून कसं दिसतं?"

"थांबा," म्हणून कारागीर घरात पळाले. खोक्याची चिकटपट्टी टर्रकन फाटल्याचा आवाज तिला बाहेरपर्यंत ऐकू आला. ते दुकानातला हातआरसा घेऊन आले, रस्त्यात उभे राहिले आणि गिऱ्हाइकाला मान दाखवतात तसा तो कुंपणामागे उंच धरला.

"मागून बघा बाई. अजून बारीक करू?"

टाचा उंचावून बाईंनी आरशात गंभीरपणे पाहिलं. "डावीकडे जरा जाड राहिलंय."

समोरच्या घरातले आजोबा केव्हाचे गॅलरीत उभे होते. आपल्या कुंपणाकडे हात करून त्यांनी विचारलं, "आमचा नंबर कधी?"

"उद्या सकाळीच," कारागीर डावीकडे कात्री लावत म्हणाले. "रविवारी दुकान उघडं असतं."

तिला हसू आवरेचना. ती तशीच गवतात बसली आणि बशीतला चहा स्वतःच पिऊन टाकला.