पडद्यामागून आलेलं मत

मित्रांनो, तुमच्या शाळेत असतात तसंच मीही एक बाक आहे. फक्त माझ्यावर बसणारी मुलं पन्नाशी-साठीची असतात आणि त्यांच्या भांडणाचा कधीकधी कायदा होतो. ओटावाच्या संसदेत, मागून दुसऱ्या रांगेत, जाड हिरव्या पडद्यापासून चार पावलांवर माझी जागा.

मी पांढऱ्या ओकचं. जुनं सभागृह मोठ्या आगीत जळालं आणि नव्यानं बांधलं, तेव्हा फर्गस नावाच्या सुतारानं मला घडवलं. माझी प्रत्येक कड तो तळहातानं चाचपून बघायचा. लोकांचे कोट फाटायला नकोत, म्हणायचा. झाकण उघडलं की आत कागद ठेवायला खण. त्या खणात मी किती भाषणं सांभाळली आणि किती सुकलेली सफरचंदं, त्याला गणती नाही.

माझी उमेदीची वर्षं बाकं वाजवण्याची होती. म्हाताऱ्यांना पेन्शन मिळणार असं ठरलं, त्या दिवशी माझ्यावर इतक्या थापा पडल्या की एक खिळा सैल झाला. पुढं सभागृहात कॅमेरे आले. टीव्हीवर बाकं बडवणारी माणसं रानटी दिसतात, असं कुणीतरी म्हणालं आणि सगळे टाळ्या वाजवू लागले. तेव्हापासून आम्हाला नुसतं पुसतात.

माझ्यावर बरीच माणसं बसून गेली. पण सांगायचं आहे ते आर्लीन कोस्केलाबद्दल. उत्तरेकडच्या एका खाणीच्या गावातून ती निवडून आली होती. तिचे वडील निकेलच्या खाणीत उतरायचे, आणि शेवटी फुफ्फुसात धूळ भरूनच गेले. माझ्या खणात ती नेहमी वेलदोड्याचा गोड पाव ठेवायची. शेजारच्या बाकावरचे गेतां रिवार, क्युबेकचे जुने सदस्य, वासानंच ओळखायचे. भाषणात दम नाही, पण खणात आहे, असं ते तिला चिडवत आणि अर्धा पाव उचलून नेत.

त्या वर्षी एक विधेयक आलं. आपल्या देशाची खाण कंपनी दुसऱ्याच्या देशात जाऊन खणते. तिनं तिथली नदी नासवली, माणसं हुसकली, तर त्यांची तक्रार इथं ऐकली जावी. तक्रार खरी ठरली, तर सरकारनं त्या कंपनीला मदत देऊ नये. मागणं एवढंच होतं. पण कंपन्यांची माणसं रोज कुणा ना कुणाला जेवायला नेऊ लागली आणि दोन्ही बाजूंची बाकं कुजबुजू लागली.

एका शुक्रवारी, सभागृह उठल्यावर, आर्लीन एका बाईला माझ्यापाशी घेऊन आली. क्रिसान्ता तिचं नाव. ग्वाटेमालाच्या डोंगरातली, चर्चच्या लोकांनी तिला इथं आणलं होतं. बरोबर पालोमा नावाची दुभाषी. क्रिसान्ताच्या गावावर आमच्याच एका कंपनीची सोन्याची खाण होती. झरा आटला होता. ओढ्यात पाय घातला की तिच्या सात वर्षांच्या एल्वियाच्या पायांवर फोड उठत. आता ती मुलगी झोपेतही पाय खाजवते, आणि म्हणून आई तिचे हात धरून झोपते. हे सांगताना क्रिसान्ता रडली नाही. माझ्या झाकणावरून बोट फिरवत राहिली.

"कुठल्या झाडाचं?" तिनं विचारलं.

"ओकचं," आर्लीन म्हणाली.

"तुम्ही इथूनच उभ्या राहणार?"

"हो. माझं नाव पुकारतील, मी इथून उभी राहीन."

क्रिसान्तानं मान हलवली. तशी हललेली मान मी फार कमी वेळा पाहिली आहे. मुलाला डॉक्टरच्या हातात देताना आई हलवते ना, तशी.

मग आठवडाभर आर्लीनच्या गावाहून पत्रं येत राहिली. बापानं खाणीचं अन्न खाल्लं आणि लेक खाणीवर उठली, असं एकानं लिहिलं होतं. ती ते पत्र खणात ठेवायची, काढायची, पुन्हा वाचायची. पक्षातून कुणीतरी हळूच सुचवलं की विरोधात मत देऊ नकोस, पण त्या संध्याकाळी इथं असलंच पाहिजे असंही नाही. गेतां हसले.

"अगं आर्लीन, अशा दिवशी या सभागृहात फ्लूची साथ येते. मी चाळीस वर्षं बघतोय."

"तुम्हालाही येणार आहे का?"

"मला पायाचा गाऊट आहे. मला पळता येत नाही."

मतदानाच्या संध्याकाळी घंटा वाजायला लागल्या. अर्धा तास वाजतात, म्हणजे लांब गेलेल्यांनाही येता यावं. आर्लीन माझ्यावरच बसलेली होती. तिनं एकदा वर प्रेक्षकांच्या सज्जात पाहिलं. तिथं पहिल्या रांगेत क्रिसान्ता होती, पालोमाला चिकटून. आर्लीन उठली आणि पडद्यामागे गेली.

पडद्याखालून मला तिचे बूट दिसत होते. दाराकडे जात होते, परत येत होते.

घंटा थांबल्या. अध्यक्षांनी प्रस्ताव वाचला. मला ओरडता आलं असतं, तर मी ओरडून तिला बोलावलं असतं. आमच्या सभागृहाची रीत अशी आहे की प्रस्ताव वाचताना जो सदस्य पडद्याच्या आत, सभागृहात नसेल, त्याचं मत धरत नाहीत. आणि तो आत होता की नव्हता, हे त्यालाच विचारतात. त्याच्या शब्दावर विश्वास ठेवतात.

नावं पुकारली जाऊ लागली. आमच्या मागची रांग झाली, तेव्हा पडदा हलला. आर्लीन धावत आली, नाव आलं आणि ती ताठ उभी राहिली. वर क्रिसान्तानं दोन्ही हात तोंडावर ठेवले. सज्जात आवाज करायची बंदी असते.

निकाल सांगण्याआधी समोरच्या बाजूचा एक सदस्य उठला. फार नम्रपणे म्हणाला, "माननीय सदस्यांनी प्रस्ताव वाचताना ऐकला का, एवढंच विचारायचं होतं."

सगळे तिच्याकडे बघू लागले. हो म्हणाली असती, तर कुणी शोधायला गेलं नसतं.

"नाही," आर्लीन म्हणाली. "मी पडद्यामागे होते."

तिचं मत खोडलं गेलं. विधेयक एका मतानं पडलं. ते मत राहिलं असतं, तर बरोबरी झाली असती, आणि बरोबरी झाली की चर्चा थांबू नये म्हणून अध्यक्ष विधेयकाच्या बाजूनं मत देतात. तशीच प्रथा आहे. गेतांनी हे तिला सांगितलं नाही. तिलाही ते ठाऊक होतं.

सभागृह रिकामं झाल्यावर पालोमा क्रिसान्ताला खाली घेऊन आली. क्रिसान्ताचा चेहरा अजून उजळलेला होता. "बाई, मी पाहिलं, तुम्ही उभ्या राहिलात," ती म्हणाली. मग आर्लीन बोलत गेली, पालोमा अडखळत सांगत गेली, आणि मी तो चेहरा विझताना पाहिला.

"पडद्यामागे काय करत होतात?"

"विचार."

"किती वेळ?"

"अर्धा तास."

क्रिसान्तानं पुन्हा माझ्या झाकणावर बोट ठेवलं. "आमच्याकडे मशिनं आली, तेव्हा आम्हाला तेवढाही मिळाला नव्हता," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. तो असता तर आर्लीनला बरं वाटलं असतं. "आता एल्वियाला काय सांगू?"

दोघी गेल्यावर आर्लीन माझ्या झाकणावर कपाळ टेकून बसली, झाडूवाले येईपर्यंत.

पुढच्या निवडणुकीला ती उभी राहिली नाही. माझ्यावर दुसरं कुणी बसलं, मग तिसरं. एल्वियाच्या पायांचं काय झालं, हे मला कळलं नाही. आम्हा बाकांना कुणी पत्र पाठवत नाही.

मित्रांनो, बाकावर कोरू नका, शाई सांडू नका, हे तुम्हाला बाईंनी सांगितलेलंच असेल. मला त्याचं एवढं वाटत नाही. ओरखडे सगळ्यांनाच पडतात. पण तुम्ही कुणाला शब्द दिला असेल, आणि ते माणूस लांबून तुमच्याकडे डोळे लावून बसलं असेल, तर वेळेआधी आपल्या जागेवर या. आम्हाला पाय चार असतात, तरी नाव पुकारल्यावर आम्हाला उठता येत नाही. तेवढं तुम्हालाच करावं लागतं.