उस्तादांच्या खिशातली शिट्टी

मी शिट्टी बोलतेय. होय, बोलतेय. वाजून वाजून जीव आंबला, म्हणून.

माझे धनी सुभेदार जीवराम पाटील, अमळनेरकडचे. एनसीसीच्या पोरांना शिस्त शिकवायला फौजेतून आलेले. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. लळिंगच्या डोंगराखाली शिबिर भरलं आणि मुलींच्या एका तुकडीची प्रमुख तापाने घरी गेली. उस्तादांनी तिच्या जागी नेमली जळगावची अर्शी. ही कशी, तर हजेरीला "हजर" सुद्धा पुटपुटणारी! हाताखाली मुली मात्र एकेक नग. त्यात पाचोऱ्याची कोकिळा, कुस्ती खेळणारी, कुणाच्या बापाचं न ऐकणारी.

उस्तादांनी मला अर्शीच्या गळ्यात घातलं. मग काय विचारता! उठा, फुर्र. बसा, फुर्र. तंबूत पाल निघाली, फुर्रफुर्र. कोणत्या फुंकीचा अर्थ काय, हे तिलाही ठाऊक नव्हतं. एका सकाळी मुली जागच्या हलल्या नाहीत, पण डोंगरावरच्या बकऱ्या धावत येऊन मैदानात उभ्या राहिल्या.

"उस्ताद, हिची पलटण आली बघा!" कोकिळा ओरडली.

अर्शी रडकुंडीला आली. उस्तादांनी मला काढून घेतलं आणि खिशात टाकलं. "आता तू बोल."

"काय बोलू, उस्ताद?"

"माले काय इचारस? पलटण तुनी शे."

त्याच दिवशी नकाशा पाहून चालायचं होतं. उस्ताद लांबून मागे. नाल्यापाशी दोन वाटा फुटल्या आणि अर्शी चुकीच्या वाटेने निघाली. उस्तादांनी मला ओठांशी नेलं, छाती भरून श्वास घेतला... आणि फुंकलंच नाही. घाम पुसला, मला परत खिशात ठेवलं. डोंगर चढताना त्यांना कधी इतकी धाप लागली नव्हती.

तुकडी थेट जवळच्या गावातल्या धुरपदाबाईंच्या कपाशीत घुसली. बाई काठी घेऊन धावल्या. कोकिळेने बाह्या सरसावल्या.

"कोकिळा, मागे हो!" हा आवाज अर्शीचा होता. चिरका, पण खणखणीत. "अक्का, चूक माझी. नकाशा मी उलटा धरला. आम्ही बांधावरून बाहेर जातो."

मग मुलींकडे वळून म्हणाली, "एका रांगेत माझ्या मागे. कोकिळा, तू शेवटी. कुणी मागे राहिली तर हाक दे."

कोकिळेने बाह्या खाली ओढल्या. मग गुपचूप शेवटी जाऊन उभी राहिली. धुरपदाबाईंची काठी खाली आली. "पाणी पी जा पहिले," त्या म्हणाल्या.

तुकडी सगळ्यात शेवटी पोचली. "उशीर कुणामुळे?" शिबिराचे प्रमुख कॅप्टनसाहेब कडाडले. उस्ताद आभाळाकडे बघू लागले.

"माझ्यामुळे, सर. पण सगळ्या आल्यात."

खिशात मला जागा पुरेना, इतकी उस्तादांची छाती फुगली.

आता उस्ताद निवृत्त झालेत. मी त्यांच्या स्वयंपाकघरात खुंटीला असते. त्यांच्या पत्नी ताईबाई मला फुंकून त्यांना जेवायला बोलावतात. म्हणतात, यांना ऐकू कमी येतं. वाचकहो, अमळनेरला गेलात तर ताईबाईंना एवढं सांगा आणि माझी सुटका करा: कारल्याची भाजी असली की उस्ताद तीन फुंकींना ओ देत नाहीत, आणि वरण-बट्टी असली की मला खुंटीवरून काढायच्या आत पाटावर हजर असतात.